गाडीचा आवाज आला की हा आधी टाकीवर

या महिन्यात कुत्रा आणि टू-व्हीलर याच विषयावर इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून सगळी जागा यालाच देतेय. गोचीड आणि लसींबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी थोडं थांबा, पुढच्या अंकात नक्की घेते.

प्रश्न : डॉक्टरताई नमस्कार. आमच्याकडे गावठी कुत्रा आहे, बंड्या, दोन वर्षांचा. पिल्लू होता तेव्हापासून ह्यांनी त्याला बुलेटच्या टाकीवर बसवून मळ्यात न्यायची सवय लावली. आता गाडीचा आवाज आला की हा कुठं का असेना, पळत येतो आणि उडी मारून टाकीवर, पुढचे पाय थेट हँडलवर. मळा तीन किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता कच्चा. आजवर पडला नाही, पण सासूबाई म्हणतात एक दिवस दोघंबी पडणार. नाही नेलं तर हे परत येईपर्यंत दारात बसून रडतो, बघवत नाही. ह्यांचं म्हणणं, त्याला आवडतंय तर बंद का करायचं? तुम्हीच सांगा आता.
— एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. मिस्टरांचंही एक खरं आहे, बंड्याला ते आवडतंय. वाऱ्यावर दहा ठिकाणचे वास एकदम नाकात येतात, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आपला माणूस पाठीला चिकटून बसलेला असतो, कुत्र्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे. पण आवडतंय म्हणजे त्याला तिथं नीट बसता येतंय असं होत नाही ना. एक काम करा, सकाळी उजेडात गाडी उभी करून टाकीवरचे ओरखडे बघा. कुत्रा नुसता उडी मारून चढला तर आखूड, खाली जाणारे ओरखडे पडतात. ब्रेक लागल्यावर तो पुढं घसरतो तेव्हा मागून पुढं ओढलेल्या लांब रेघा असतात, दोन-तीन नखांच्या, एकमेकींना लागून. तशा दिसल्या तर समजा की बंड्या रोज घसरतोय आणि रोज स्वतःला कसाबसा सावरतोय, तोंड मात्र हसरं असतं म्हणून आपल्याला कळत नाही. पत्र्याला त्याची नखं धरणार तरी कशी.

आणि पुढचे पाय हँडलवर हे तर मला अजिबात पटत नाही. उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या बाजूला क्लच, त्यात अठरा-वीस किलोचा जीव हँडलवर रेलून बसलाय म्हटल्यावर अचानक हँडल वळवायचं कसं? गाडी ताशी ४० ला असेल तर एका सेकंदात ११ मीटर पुढं जाते, आणि बांधावरचं मुंगूस दिसल्यावर बंड्या काही सेकंदभर विचार करणार नाही.

त्यामुळे टाकी बंद, पण मळ्यात जाणं बंद करू नका. मागच्या सीटवर त्याची जागा करून द्या. गावात दूधवाले गाडीला किटल्या अडकवायला लोखंडी कॅरियर करून घेतात ना, तोच वेल्डिंगवाला हेही करून देईल. भाजीचा कॅरेट दोरीनं बांधू नका, मोठ्या कुत्र्याला तो अपुरा पडतो आणि दोरी सैल होते. तळ सपाट, त्यावर रबराचं मॅटिंग, बाजू त्याच्या छातीपर्यंत उंच, आणि आत बसून वळता येईल एवढी जागा. पेटीचा भार सीटवर यायला पाहिजे, पार मागच्या टेललाइटवर गेला तर पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी वळणावर ऐकत नाही. सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याची आड नक्की लावा, मांडीच्या आतल्या बाजूला चटके बसलेली कुत्री माझ्याकडे येतात, तिथली कातडी पातळ असते आणि जखम भरायला फार वेळ लागतो.

गळ्यातला पट्टा गाडीला बांधायचा नाही, कधीच नाही. पडला तर फास लागतो. छातीला बसणारा हार्नेस घ्या आणि त्याची आखूड दोरी पेटीला अडकवा, इतकी आखूड की त्याला बाहेर उडी घेता येऊ नये आणि दोरी चाकापर्यंत पोचू नये.

आता सवय. पहिले काही दिवस गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, बंड्याला पेटीत बसवायचं, उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा द्यायचा, उतरवायचं. मग इंजिन चालू पण गाडी जागेवरच. मग अंगणात माणसाच्या चालीनं, एक जण बाजूनं चालत. यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘चढ’ म्हटल्याशिवाय चढायचं नाही आणि ‘उतर’ म्हटल्याशिवाय उतरायचं नाही, ही गोष्ट पक्की झाली की निम्मं काम झालं, कारण चालत्या गाडीवरून जी उडी पडते ती बहुतेक घर जवळ आल्यावर पडते, कुत्र्याला वाटतं पोचलोच.

राहिलं रडणं. गाडीचा आवाज म्हणजे आपण निघालो, असं त्याच्या डोक्यात बसलंय. ते तोडायचं तर मिस्टरांना सांगा, दिवसातून अधूनमधून गाडी उगाच चालू करायची, दोन मिनिटांनी बंद करायची आणि घरात येऊन बसायचं. कधी कपडे घालून, किल्ली घेऊन बाहेर जायचं आणि लगेच परत. सुरुवातीला तो धावत येईल, मग नुसता बघेल, मग मान पण वर करणार नाही. आठवड्यात नाही होणार, महिना-दीड महिना धरा. आणि ज्या दिवशी त्याला न्यायचं नाही त्या दिवशी आधी चांगलं फिरवून आणा, दमलेलं कुत्रं कमी रडतं.

प्रश्न : मॅडम, आमचा पग तीन वर्षांचा आहे, अ‍ॅक्टिवावर पुढे पायाजवळ उभा राहून येतो, खूप एन्जॉय करतो. उन्हाळ्यात संध्याकाळी पाच-साडेपाचला नेतो तेव्हा खूप धापा टाकतो, घशातून घरघर आवाज येतो. वारा लागतोय म्हणजे गार वाटत असेल ना? कितपत काळजी करावी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दादा, खूप काळजी करा. आपल्याला वाऱ्यानं गार वाटतं कारण आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो आणि तो वाळतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांना, तोही नावापुरता, बाकी सगळी गरमी तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच घालवतो. पगचं नाक चपटं, नाकपुड्या अरुंद, टाळूचा मागचा मऊ भाग लांब, त्यामुळे हवा आत-बाहेर जायलाच अडचण. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पाच वाजता रस्ता तापलेलाच असतो, खालून त्याची धग आणि समोरून गरम झळ, त्या फूटबोर्डवर उभ्या असलेल्या पगला तो वारा गार लागत नाही हो. घरघर ऐकून हा मजेत आहे असं घरच्यांना वाटतं, मला मात्र ते ऐकून धस्स होतं.

हाताचा पालथा तळवा रस्त्यावर टेकवून बघा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याला घराबाहेर काढूच नका, गाडीवर तर नाहीच. एप्रिल-मे मध्ये पहाटे सहाच्या आसपास न्या, नाहीतर सरळ जून येऊ द्या.

कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की धोका सुरू. जीभ गडद लाल किंवा जांभळट, लाळ घट्ट चिकट, पाय लटपटणं, उलटी, यातलं काही दिसलं की आधी सावलीत घ्या आणि साधं गार पाणी अंगावर ओता, पोट, जांघा, पंजे सगळं भिजवा, पंखा लावा किंवा पेपरनं वारा घाला. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो तापतो आणि आतली गरमी आतच राहते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि उठून बसला, शेपूट हलवली म्हणून घरी थांबू नका, डॉक्टरकडे न्याच, कारण किडनी-लिव्हरला बसलेला मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो.

त्या घरघरीसाठी नाकपुड्या आणि टाळू एकदा तपासून घ्या, काही पगना ऑपरेशननं खरंच मोकळा श्वास मिळतो. वजन जास्त असेल तर ते आधी उतरवा.

प्रश्न : राइडनंतर आमच्या कुत्रीचे डोळे लाल होतात आणि पाणी येतं. गॉगल घातला तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चालेल, घालाच. कुत्र्यांचे वेगळे गॉगल मिळतात, इलॅस्टिकचे, माणसांचे घालू नका. आधी घरात जेवणाच्या वेळी घालून सवय करा. पण लाली दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिली, ती एक डोळा मिटून घेत असेल किंवा पंजानं चोळत असेल तर बुबुळाला ओरखडा असू शकतो, मग घरातले ड्रॉप्स टाकत बसू नका. विशेषतः स्टेरॉइडचे ड्रॉप्स, त्यानं ओरखड्याची जखम चिघळते.

प्रश्न : कुत्र्याला गाडीवर बसवलं तर पोलीस पावती फाडतात का? नक्की नियम काय? साइडकार लावली तर?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२८ प्रमाणे टू-व्हीलरवर चालवणाऱ्यासोबत एकच माणूस बसू शकतो, त्यात कुत्र्याचा उल्लेख नाही. पण कुत्र्यामुळे गाडी धोकादायक चालतेय असं दिसलं तर कलम १८४ आहेच. शिवाय प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०, त्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला विनाकारण त्रास होईल अशा पद्धतीनं वाहून नेणं हा गुन्हा आहे, साखळीनं बांधून लोंबकळत नेलेला कुत्रा त्यात सरळ बसतो. साइडकार म्हणजे गाडीत बदल, त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, आधी आरटीओची परवानगी आणि आरसी बुकवर नोंद. पूर्वी आपल्याकडे स्कूटरला साइडकार लावून अख्खं कुटुंब फिरायचं, कुत्र्यासाठी त्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही, म्हणून खटपट करावी लागली तरी करा असंच मी सांगेन. आणि तुमच्या डोक्यावर हेल्मेट पाहिजेच, तुम्ही पडलात तर त्या मुक्या जीवाला दवाखान्यात कोण नेणार?

प्रश्न : ताई, बाबा जाऊन चार महिने झाले. त्यांचा मोती अकरा वर्षांचा आहे. रोज सकाळी बाबा त्याला स्कूटरवर पुढे घेऊन पेपर आणि दूध आणायला जायचे. आता स्कूटर अंगणात तशीच आहे आणि मोती दिवसभर तिच्याजवळ बसून असतो, जेवण अर्धं सोडतो. मी त्याला नेऊ का? त्याचे मागचे पाय दुखतात, उठताना कण्हतो. आई म्हणते स्कूटर विकून टाकू म्हणजे तो विसरेल.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दादा, पत्र वाचून बराच वेळ पुढचं काही वाचलं नाही. स्कूटर आत्ता विकू नका, आईंना माझ्यातर्फे सांगा. मोतीकडे बाबांच्या वासाची तेवढी एकच जागा उरलीय, सीटला, मुठींना तो वास अजून असणार. ती अचानक गेली तर तो आणखी शोधत फिरेल.

आधी दवाखाना. चार महिने अर्धं जेवण हे नुसतं दुःख समजून सोडून देऊ नका, या वयात रक्त तपासून किडनी, लिव्हर बघायला हवं, दात पण. मागचे पाय सांधेदुखीचे वाटतात, एक्स-रे काढा, कुत्र्यांसाठीची चांगली औषधं आहेत. माणसांची आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नका, कुत्र्याला ती विषारी आहे, पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

मग न्या की त्याला, पण त्याच्या वयाला झेपेल असं. उडी मारू देऊ नका, एक हात छातीखाली आणि एक मागच्या मांड्यांखाली घालून उचला. फूटबोर्डवर जाड मॅट टाकून बसवा, उभं राहू देऊ नका. समोरचा तोच पेपरवाला, तीच दूध डेअरी, तीच वेळ, आणि वेग सायकलइतका, स्पीडब्रेकर दिसला की जवळजवळ थांबून. स्टँड काढायच्या आधी बाबा जसं बोलायचे तसं काही बोलत असतील तर तेच बोला, आईंना विचारा, त्यांना माहीत असेल. पावसात मात्र नाही, ओला फूटबोर्ड त्याच्या मागच्या पायांना झेपणार नाही. त्या दिवशी स्कूटर नुसती पुसायला घ्या आणि त्याला शेजारी बसू द्या. जेवणात थोडा माशाचा रस्सा, काटा-मीठ-मसाला-कांदा काही नको, भातात कालवून बघा, वासावर खाईल. महिन्याभरानं कसा आहे ते मला जरूर कळवा.

प्रश्न : ठाण्याहून बाइकवर दापोलीला जायचा प्लॅन आहे, लॅब्रॅडॉर आहे एक वर्षाचा, २८ किलो, बॅगमध्ये पाठीवर घेतला तर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. २८ किलो पाठीवर घेऊन तुमचाच तोल जाईल, आणि वर्षाच्या लॅबची हाडं अजून पक्की व्हायचीत, पाय लोंबकळत इतका वेळ बसवणं चुकीचं. मित्राच्या कारमध्ये त्याला बसवा आणि तुम्ही बाइकवर मागे राहा, किंवा ट्रेननं खेडपर्यंत या, फर्स्ट एसीचा अख्खा कूपे, म्हणजे दोन बर्थची बंद खोली, बुक केला तर कुत्रा सोबत नेता येतो, तिकिटाबरोबर पार्सल ऑफिसला त्याचं बुकिंग आणि लसीकरणाचं पुस्तक लागतं. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, उलट्या-जुलाब होतात, प्यायचं पाणी सोबत ठेवा. आणि हर्णैच्या बाजूला गेलात तर पट्टा सोडू नका, वाळूत मासळीबरोबर गळ पण पडलेले असतात. गळ तोंडात अडकला तर ओढायचा नाही, तोंड हातानं धरून ठेवा आणि जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात न्या.