आधी ‘तिला’ मोजा, मग तिच्या हातात काठी द्या

प्रश्न असा आहे: ‘मी ॲपवर प्रेमकथा लिहिते. वाचक म्हणतात, नायिका लेचीपेची आहे. सुपरहिरो सिनेमातल्या बायकांसारखी खंबीर केली तर म्हणतात, खडूस झाली. नेमकं काय चुकतंय? कोणते सिनेमे बघू?’

सिनेमांचं आधी उरकते. ‘वंडर वूमन’ (२०१७) आणि ‘ब्लॅक पँथर’ (२०१८). दोन पुरेत, पण वही घेऊन बघा. मारामारीच्या वेळी चहा करायला उठलात तरी चालेल, मारामारीच्या आधीची तीन-चार मिनिटं चुकवू नका.

आता मुद्द्याचं. मी कोल्हापुरात बसून इतरांची हस्तलिखितं वाचते आणि पेन्सिलीने खुणा करून परत देते. बहुतेक प्रेमकथाच असतात. तुमची अडचण जशीच्या तशी एका हस्तलिखितात आली होती. लेखिकेने परवानगी दिली आहे, म्हणून तेच उघडून दाखवते.

नायिका करवीर तालुक्यातली, वडिलांमागे गुऱ्हाळ चालवणारी. नायक पुण्याहून परतलेला इंजिनिअर. पहिल्याच प्रकरणात ती रंकाळ्यावर चार गुंडांना काठीने झोडपते. सहाव्या प्रकरणात काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, उसाचा रस उकळतोय, आणि ही नायकाच्या डोळ्यांत बघत उभी. पाक पुढे जातोय हे नायकाला दिसतं, तो ओरडतो, ‘उतरवा!’, आणि काहील वाचते. लेखिकेला हा प्रसंग फार रोमँटिक वाटत होता. मी समासात लिहिलं: हिचं गुऱ्हाळ तुम्ही त्याला देऊन टाकलंत.

त्या पानावर दोन रंगांनी खुणा केल्या. ‘तिला’ने चालणारी वाक्यं निळी, ‘तिने’ने चालणारी लाल. तिला वाटलं, तिला कळेना, तिला भरून आलं, तिला त्याचा आधार वाटला. एका पानावर अकरा निळ्या. लाल एकच, आणि तीसुद्धा ‘तिने मान खाली घातली’. आपली भाषाच इथे चुगली करते. ‘तिला’ म्हटलं की गोष्ट तिच्यावर येऊन आदळते. ‘तिने’ म्हटलं की ती काहीतरी करते. प्रेमात पडलेल्या माणसाला वाटणारच, त्यामुळे निळी वाक्यं काढून टाकायची नाहीत. पण सबंध प्रकरणात एकही भरीव ‘तिने’ नसेल, म्हणजे तिने ठरवलं, तिने नाकारलं, तिने मागितलं, तिने मोडलं, तर पहिल्या प्रकरणातल्या चार गुंडांचा काही उपयोग नाही. वाचकाला सहाव्या प्रकरणातलीच बाई लक्षात राहते. (गोष्ट वर्तमानकाळात असेल तर ‘तिने’ सापडणार नाही. तिथे ती ठरवते, ती जाते, ती नाही म्हणते, अशी क्रियापदं शोधा.)

लेखिकेचा दुसरा खर्डा आला तो अगदी उलटा. आता नायिका चुकतच नव्हती. चुलीला जाळ घालणाऱ्या जाळव्याला झापते, गूळ तयार करणाऱ्या गुळव्याला शिकवते, नायकाला ‘तुला काय कळतंय’ म्हणते. हीच तुमची ‘खडूस’. कारण साधं आहे: तिची ताकद दाखवायला भोवतीच्या सगळ्यांना बुटकं केलं. गेली तीस वर्षं काहिलीसमोर उभ्या असलेल्या गुळव्याला काल कारभार हातात घेतलेली पोरगी पाक शिकवते, हे आमच्या भागातला कुणीही वाचक पचवणार नाही.

तिसऱ्या खर्ड्यात जे जमलं ते तपशिलात सांगते, कारण सगळी मेख त्यातच आहे.

आधी काम नीट लिहिलं. चुलवाणावर काहील, रस तापायला लागला की ठेचलेल्या भेंडीचं चिकट पाणी त्यात ओततात, घाण वर येते, ती मळी झाऱ्याने काढायची. रस आटत पिवळा, मग तांबूस होत जातो, बुडबुड्यांचा आवाज जड होतो. मग थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायची. इथे निर्णय असतो, आणि तो काही क्षणांचा असतो. उशीर झाला तर गूळ काळपट, करपट होतो आणि मार्केट यार्डातल्या सौद्यात भाव पडतो. घाई झाली तर ढेप धरत नाही, पाझरते. काहील वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या हौदात, ओतली की परत फिरायला वाट नाही. असा प्रसंग हाताशी असताना लेखिका नायिकेला रंकाळ्यावर काठी फिरवायला पाठवत होती!

नव्या खर्ड्यात गोळी तीच वळून बघते. गुळव्या तात्या म्हणतात, ‘अजून जरा थांब पोरी.’ ती थांबत नाही. ‘उतरवा,’ म्हणते. आणि चुकते. ढेपा सकाळपर्यंत धरत नाहीत. नायक तिथेच उभा असतो, मध्ये पडत नाही. रात्री एकच विचारतो, ‘उद्या अडत्याकडं तू जाणार, का तात्या?’ ती म्हणते, ‘उतरवा मी म्हटलंय.’ दुसऱ्या दिवशी ती यार्डात जाते, पडेल भाव ऐकून घेते, परत येऊन तात्यांसमोर पाण्याची वाटी ठेवते आणि म्हणते, ‘गोळी परत दाखवा.’ सगळं प्रकरण बावीसशे शब्दांत बसलं. गुंड नाहीत, आरडाओरडा नाही. वाचणाऱ्या बायकांनी लेखिकेला कळवलं की नायक या प्रकरणापासून आवडायला लागला. असं झालं, कारण ती जे करते त्याची त्याला कदर आहे, हे पहिल्यांदा दिसलं.

आता ‘वंडर वूमन’मधला खंदकाचा प्रसंग याच्या शेजारी ठेवून बघा. डायना, म्हणजे वंडर वूमन, पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर आहे. कडेवर मूल घेतलेली एक बाई तिला गावाची हालत सांगते. डायना ऐकून घेते. तिच्यासोबतचा वैमानिक स्टीव्ह, म्हणजे सिनेमाचा नायक, सांगतो, हे मैदान कुणालाच ओलांडता येत नाही, सगळ्यांना वाचवता येणार नाही. त्यानंतर ती अंगावरचा कोट काढते आणि शिडी चढते. क्रम लिहून घ्या: ऐकणं, नकार मिळणं, ठरवणं, आणि मग बळ. आपल्याकडच्या कथांत बळ पहिल्या पानावर येतं आणि ठरवणं येतच नाही.

त्याच सिनेमात स्टीव्ह शेवटी विषारी वायूने भरलेलं विमान स्वतः वर नेतो आणि उडवून देतो. नायिकेला चेतवायला नायक मारला, असं कुणी म्हणेल. फरक बघा. १९९४ च्या ‘ग्रीन लँटर्न’ कॉमिकमध्ये नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलं होतं. १९९९ मध्ये गेल सिमोन (पुढे कॉमिक-लेखिका झाल्या) यांनी अशा मारल्या गेलेल्या, हाल केलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या स्त्री-पात्रांची यादीच केली आणि त्या प्रकाराला फ्रिजवरूनच नाव पडलं. त्या मैत्रिणीने काही ठरवलेलं नव्हतं, स्टीव्हने ठरवलं होतं. तुमच्या कथेत आई, बहीण, मैत्रीण मरणार असेल तर हाच प्रश्न विचारा: मरण्याआधी तिने स्वतःहून एक तरी गोष्ट केली का? की ती फक्त नायकाच्या डोळ्यांत पाणी आणायला आली?

‘ब्लॅक पँथर’मधून घ्यायची गोष्ट वेगळी. नायकाचं सिंहासन बळकावलं जातं तेव्हा राजाच्या रक्षक-दलाची सेनापती ओकोये गादीशी बांधलेली म्हणून थांबते, हेर असलेली नाकिया निघून जाते, आणि दोघी त्यावरून समोरासमोर भांडतात. दोघीही खंबीर, निर्णय मात्र उलटे. कथेत एकच खंबीर बाई असली की तिला सगळ्या बायकांचं ओझं वाहावं लागतं आणि ती पुतळा होते. दुसरी आणा, आणि तिचं म्हणणंही खरं असू द्या. गुऱ्हाळाच्या कथेत आम्ही नायिकेच्या थोरल्या बहिणीला आणलं. तिला गुऱ्हाळ विकायचं होतं आणि तिची कारणं चांगली होती.

आणि ‘कॅप्टन मार्व्हल’ (२०१९) फक्त शेवटासाठी. तिचा जुना गुरू आव्हान देतो, शक्ती न वापरता लढून दाखव. ती एका फटक्यात त्याला उडवून देते, कारण तिला त्याच्यापुढे काही सिद्ध करायचं नाही. प्रेमकथांतल्या नायिका पन्नास-पन्नास पानं नायकाच्या आईपुढे स्वतःला सिद्ध करण्यात घालवतात. तो सगळा भाग कापा.

यापुढे लिहिते ते खरं तर आमच्या वाचक मंडळातल्या एका गृहस्थांसाठी. त्यांचं म्हणणं, खंबीर बाई बघायची तर सुपरहिरो सिनेमात, प्रेमकथा म्हणजे दुपारचा टाइमपास. शेवटी लग्नच लावायचं ठरलेलं असतं, तर बाईला ठरवायला उरतं काय? हा वाद बरीच वर्षं चालू आहे. माझं उत्तर असं की सुपरहिरो सिनेमात जग वाचणार हेही ठरलेलंच असतं. तिथे कुणी तक्रार करत नाही, कारण सगळे कशी वाचतं आणि काय गमावून वाचतं ते बघायला बसलेले असतात. प्रेमकथेतही तेच बघायचं, आणि गमावण्याचा हिशेब प्रेमकथा लिहिणाऱ्या बायकांनी फार नेटका मांडलाय. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली (१८१३) एलिझाबेथ लग्नाची मागणी घालणाऱ्या नातेवाईक कॉलिन्सला नाही म्हणते तेव्हा बापामागे राहतं घर त्याच कॉलिन्सला जाणार असतं. म्हणजे त्या नकारात आई आणि बहिणींचं छप्परही पणाला लागतं. ‘जेन एअर’मधली (१८४७) जेन, ज्याच्याशी लग्न ठरलंय त्या रॉचेस्टरची बायको जिवंत आहे हे कळल्यावर, तिचं त्याच्यावर प्रेम असताना, पहाटे घर सोडते. पर्समध्ये वीस शिलिंग. ते सगळे घोडागाडीच्या भाड्यात जातात, गाठोडं गाडीतच राहतं, आणि मग ती उपाशी भटकते. वीस शिलिंग हा आकडा लेखिकेने दिला म्हणून तो नकार खरा वाटतो. तुमच्या नायिकेने नायकाला नाही म्हटलं तर त्या दिवशी तिच्या पर्समध्ये किती रुपये आहेत? लिहा.

आणि शरीरबळाशिवाय खंबीरपणा कसा दिसतो हे बघायला कोल्हापूरकराला परदेशी जायची गरजच नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये इथेच ‘सैरंध्री’ हा सिनेमा काढला (अज्ञातवासात दासी झालेल्या द्रौपदीचं हे नाव), आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. मूळ विराटपर्वातली द्रौपदी वाचा. राणीचा भाऊ कीचक तिला भर सभेत लाथ मारतो, युधिष्ठिर तिथे बसून असतो आणि तिलाच आत जायला सांगतो. ती रात्री मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठवते. पाच नवऱ्यांतला कोण कामाचा हे तिने ओळखलेलं असतं. गंध उगाळून घट्टे पडलेले हात त्याला दाखवते. उद्या कीचक जिवंत दिसला तर विष घेईन म्हणते. नृत्यशाळेत बोलावण्याचा बेत ठरतो, आणि कीचकाला तिथवर आणण्याचं काम तीच करते. मारतो भीम. पण त्या रात्रीतले ‘तिने’ मोजा.

त्या गृहस्थांना आणखी एक सांगायचं आहे. मार्व्हलच्या सुपरहिरो सिनेमांतली हेर ब्लॅक विडो पडद्यावर आली २०१० मध्ये. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये (२०१९) तिला मारलं, आणि तिच्या नावाचा सिनेमा आला २०२१ मध्ये. म्हणजे स्वतःच्या गोष्टीसाठी तिने ११ वर्षं वाट बघितली आणि तोवर पात्र मेलेलं होतं. प्रेमकथेत बाई पहिल्या पानापासून मध्यभागी असते. ज्याला टाइमपास म्हणतात तिथे तिला ही जागा कधी मागावी लागलेली नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. निळ्या-लाल खुणांचं माप लांब कथेसाठी आहे, दोन हजार शब्दांच्या गोष्टीला ते लावू नका. मार खाल्लेली, घाबरलेली, बरेच दिवस काहीच ठरवू न शकणारी नायिकाही लिहिता येते. तिथे एक छोटासा ‘तिने’, म्हणजे आतून कडी लावणं, बसचं तिकीट काढणं, सगळी कथा तोलून धरतो, फक्त तो घाईत येता कामा नये. आणि काठीला माझा विरोध नाही. ती शिकलेली असेल तर कुठे शिकली, रोज किती वेळ, कोणता खांदा दुखतो, एवढं असू द्या.

नायक किती खंबीर असावा हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तिसऱ्या खर्ड्यातला त्याचा तो एकच प्रश्न परत वाचा. तुमचं पहिलं प्रकरण इथे टाकलंत तर त्यावरही खुणा करून देईन. फक्त त्याआधी तुम्ही स्वतः एकदा निळी पेन्सिल फिरवा.