बोलावतील तेव्हा ड्युटी, वर्ष उलटलं तरी पत्र नाही. मी हॉस्पिटलची कर्मचारी आहे की नाही?

सिस्टर, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून परळच्या एका खासगी हॉस्पिटलात वर्षाहून जास्त काळ 'गरज लागली की फोन करू' या बोलीवर ड्युटी करताय, नेमणुकीचं पत्र नाही, पैसे ड्युटीमागे मिळतात. मग तुम्ही तिथल्या कर्मचारी आहात का, हा पहिला. आणि डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून हे असं किती दिवस चालवायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी ठामपणे देता येतं. दुसऱ्यावर माझं मत सांगते, पटलं तर घ्या.

मी सुरुवातीला नर्स पुरवणाऱ्या ब्युरोतून केसेस केल्या, मग कायम झाले, पुढे बरीच वर्षं वॉर्ड इन्चार्ज होते. फोनची वाट बघणंही माहीत आहे आणि पहाटे साडेपाचला 'येतेस का गं?' असा फोन करणंही. म्हणून कायद्याच्या आधी रोस्टरबद्दल सांगते, कारण तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

महिना संपत आला की इन्चार्ज तक्ता घेऊन बसते. वर कायम स्टाफची नावं, पुढे मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट, ऑफ, सगळं पेनने. त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली तुमच्यासारख्या मुली. आमच्याकडे ती नावं पेन्सिलने लिहायची पद्धत होती. जुलै ते सप्टेंबर डेंगी, मलेरिया, लेप्टोने मेडिसिन वॉर्ड भरून वाहतात, तेव्हा रेघेखालच्या सगळ्यांना सलग ड्युट्या, कधी डबल. दिवाळीत लोक ठरवलेली ऑपरेशनं पुढे ढकलतात, बेड रिकामे राहतात, मग खोडरबर निघतो. इथपर्यंत ठीक आहे, ही खरी 'गरज लागली की' आहे. एखादी कायम सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी सहा महिने तुम्हाला घेतलं, तर तेही खरं.

पण बहुतेक ठिकाणी रेघेखाली दर महिन्याला तीच नावं असतात. वॉर्डला बारा जणी लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, भरती नऊचीच केलेली असते, उरलेल्या तीन जागा वर्षानुवर्षं पेन्सिलीवर चालतात. हे अडचणीपोटी नसतं, हिशेबातून असतं. पगारी रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही, वाढ नाही, आणि जास्त बोललीस तर पुढच्या महिन्यात फोन नाही. तेव्हा स्वतःला एकच विचारा: महिना सुरू व्हायच्या आधी तुमचं नाव तक्त्यावर असतं का? असेल, तर तुम्ही ऐनवेळच्या नाही. हॉस्पिटल तुम्हाला काय म्हणतं त्याला तेवढं महत्त्व नाही.

आता कायदा. आपल्याकडे 'परमनंट नाही म्हणजे हक्क नाही' असं प्रत्येक वॉर्डमध्ये सांगितलं जातं. ते चूक आहे.

छाटणीच्या बाबतीत मोजमाप आहे मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम केल्याचं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ते होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. 240 भरले की सलग एक वर्ष सेवा धरली जाते, आणि मग 'उद्यापासून येऊ नका' एवढ्यावर भागत नाही. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई द्यावी लागते. पगारी सुट्ट्याही या दिवसांत धरल्या जातात. महाराष्ट्रात त्याहून धारदार हत्यार आहे ते 1971 च्या अनुचित कामगार प्रथा रोखणाऱ्या कायद्याचं, युनियनवाले ज्याला पल्प म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब जणू तुमच्यासाठीच लिहिली आहे: कायमपणाचे फायदे मिळू नयेत या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षं बदली कामगार, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. अकरा महिने झाले की चार दिवसांचा ब्रेक द्यायचा आणि पुन्हा नव्याने घ्यायचं, हा खेळ याच बाबीत बसतो. पल्पची तक्रार प्रकार घडल्यापासून नव्वद दिवसांत करावी लागते, हे मात्र ध्यानात ठेवा. 'बघू, बोलू' करता करता पुष्कळ जणींचे ते दिवस निघून जातात.

एक मेख आहे. मुंबईतली कित्येक मोठी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत, आणि नव्या संहितेने संपूर्णपणे किंवा मुख्यतः धर्मादाय काम करणाऱ्यांच्या संस्थांना 'उद्योगा'च्या व्याख्येतून बाहेर ठेवलं आहे. पूर्वी 1978 च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालामुळे हॉस्पिटल उद्योगातच धरलं जायचं. आता ट्रस्टचा वकील पहिलं वाक्य हेच टाकणार, 'आम्ही धर्मादाय आहोत, हा कायदा आम्हाला लागू नाही'. डीलक्स रूमचं दिवसाचं भाडं बघितलं की धर्म कुठे आणि दाय कुठे ते कळतं, पण वाद तिथे अडतो खरा. म्हणून तुमचं हॉस्पिटल ट्रस्टचं आहे की कंपनीचं, हे आधी काढा. बिलाच्या किंवा रिपोर्टच्या कागदावर नाव असतं.

आता पुराव्याचं. यावरच मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण केस हरतात त्या इथे. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली एका निकालात सांगितलं की 240 दिवस भरल्याचं सिद्ध करणं हे कामगाराचं काम, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. आणि बोलावून घेतलेल्या सिस्टरकडे असतं काय? हजेरी वेगळ्या वहीत, ती वही सुपरवायझरच्या टेबलाच्या खणात, पैसे कधी पाकिटात.

म्हणून आजपासून एक साधी डायरी. तारीख, शिफ्ट, वॉर्ड, आत-बाहेरची वेळ, कुणी बोलावलं, बस्स. रोज, ड्युटीवरून आल्यावर लगेच. महिन्याच्या शेवटी बसून आठवून लिहिलेली डायरी उलटतपासणीत टिकत नाही. मेट्रनचे, इन्चार्जचे व्हॉट्सॲप निरोप पुसू नका, आपोआप पुसले जायची सोय बंद करा. पैसे खात्यातच मागा. रोस्टर बोर्डावर लागलं की फोटो काढा, फक्त रोस्टरचा. पेशंटच्या कागदांचे फोटो चुकूनही काढू नका. तो पेशंटचा खासगीपणा आहे, आणि त्यावरून उलट तुमच्यावरच कारवाई होईल.

ते फोटो लागतही नाहीत. आपण जातो तिथे सही करतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. नर्सिंग नोट्स, औषधांचा चार्ट, हँडओव्हर बुक, क्रॅश कार्टची, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या गाडीची तपासणी. सगळ्यांत पक्कं नार्कोटिक रजिस्टर: मॉर्फिन, फेंटानिलच्या अँप्यूल मोजून किल्ली कुणी दिली, कुणी घेतली, दर शिफ्टला नाव, वेळ, सही. हजेरीची वही हरवते, हे रजिस्टर हॉस्पिटलला हरवून चालत नाही. 'त्या तारखेला ही बाई ड्युटीवर नव्हतीच' असं कुणी म्हणालं तर अमुक तारखेचं रजिस्टर हजर करा असा अर्ज कोर्टात करता येतो. तो अर्ज करायला तारखा हव्यात, आणि तारखा तुमच्या डायरीत.

पीएफसाठी 240 दिवस लागत नाहीत. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत 15,000 रुपयांपर्यंतच्या वेतनावर पहिल्या दिवसापासून पीएफ लागतो, रोजंदारीवर असलात तरी, ठेकेदारामार्फत असलात तरी. उमंग ॲपवर पासबुक उघडून बघा. बाळंतपणाचंही तसंच: आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की 26 आठवड्यांची पगारी रजा, कायम असण्याची अट नाही. 2000 साली दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या, म्हणजे रोजंदारीवरच्या महिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं.

आणखी एक जागा तपासा, जिथे फारसं कुणी बघत नाही. आयकराच्या पोर्टलवर 26एएस, म्हणजे कापलेल्या कराचा तक्ता उघडा आणि हॉस्पिटलने तुमचा कर कुठल्या कलमाखाली कापलाय ते पाहा. गेल्या काही वर्षांच्या नोंदींत 194जे दिसलं, तर तुम्हाला 'व्यावसायिक फी' देतात, म्हणजे कागदावर तुम्ही कर्मचारी नाही, जणू मानद डॉक्टर! गणवेश त्यांचा, वेळ त्यांची, हुकूम इन्चार्जचा, आणि म्हणे व्यावसायिक. त्यांनी तसं दाखवलं म्हणून कोर्ट तसंच मानतं असं नाही, पण त्यांचा बचाव काय असणार ते आधीच कळतं.

ब्युरोमार्फत जात असाल तर पगार कोण देतं ते विचारा. ब्युरोने पैसे बुडवले तर जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर, म्हणजे हॉस्पिटलवर येते, पीएफचीही. ब्युरोवाले हे सांगत नाहीत, हॉस्पिटलवाले तर नाहीच नाही.

तर मग उद्या कोर्टात जायचं का? माझं मत, नाही. वांद्र्याच्या औद्योगिक न्यायालयात तारखांवर तारखा पडतात, आणि एकटी बाई उभी राहिली की पुढच्या महिन्याच्या तक्त्यावर तिचं नाव नसतं. आधी रेघेखालच्या सगळ्या जणींशी बोला. चौघी-पाच जणींच्या डायऱ्या एकसारख्या निघाल्या की मेट्रनचा सूर बदलतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. सरकारी हॉस्पिटलांतल्या परिचारिका 2022 च्या मे महिन्यात भरती ठेकेदाराकडून करण्याविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हाही एकेकटीने जाऊन काही झालं नसतं. नर्सेसची किंवा हॉस्पिटल कामगारांची युनियन असेल तर अर्ज तिच्यामार्फतच द्या.

मेट्रनकडे जाल तेव्हा 'कायम करा' पासून सुरुवात करू नका. नेमणुकीचं पत्र मागा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत ते देणं नव्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेने बंधनकारक केलंय, त्यामुळे तुम्ही काही मेहेरबानी मागत नाही आहात. बोलावून परत पाठवलं तर निदान अर्ध्या ड्युटीचे पैसे, हे लेखी मागा. डोंबिवलीहून परळपर्यंत लोंबकळत यायचं आणि 'आज पेशंट कमी आहेत गं, जा तू' ऐकून परतायचं, याची किंमत कुणीतरी मोजलीच पाहिजे. आणि सुई टोचली तर काय, हे स्पष्ट करून घ्या. एचआयव्हीसाठीची औषधं शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तेव्हा 'तू आमच्या स्टाफवर नाहीस' ही चर्चा कॅज्युअल्टीच्या दारात नको. हिपॅटायटिस बीचे डोस झाले नसतील तर तेही त्यांच्याकडून घ्या.

राहू की जाऊ? तुम्ही पास होऊन तीन-चार वर्षांच्या आत असाल तर मी म्हणेन, ड्युटीमागे चार पैसे कमी मिळाले तरी पत्रावरची नोकरी धरा. पैशापेक्षा अनुभवाच्या दाखल्यासाठी. आखाती देशांत लायसन्ससाठी साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि 'अधूनमधून बोलावत होतो' असा दाखला तिथे चालत नाही. पगाराची बोलणी करताना एक आकडा हाताशी ठेवा: सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी बेडच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान 20,000 रुपये, आणि दोनशेपेक्षा जास्त बेड असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार सुचवला होता. ती शिफारस आहे, सक्ती नाही, पण मुलाखतीत उच्चारली की समोरचा जरा सावरून बसतो.

घरी लहान मूल आहे, नवऱ्याची शिफ्ट आहे, म्हणून बोलावल्यावरच जाणं सोयीचं असेल, तर त्यात कमीपणा काही नाही. मग एकाच हॉस्पिटलवर विसंबू नका, दोन-तीन ठिकाणी नाव ठेवा आणि दर वाढवून घ्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून मात्र तसं वाटत नाही. महिन्याला वीस-बावीस ड्युट्या त्याच वॉर्डात करताय, म्हणजे 240 चा आकडा तुमचा बहुधा पार झालाय.

आणि सोडायचं ठरलंच, तर आधी अनुभवाचा दाखला हातात घ्या, तारखांसकट, वॉर्डच्या नावासकट. राजीनामा दिला की राहिलेले पैसे दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे असा वेतन संहितेचा नियम आहे. 'पुढच्या महिन्याच्या दहाला या' म्हणाले तर तोच नियम दाखवा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण याच महिन्यात उरका, नव्या ठिकाणी पहिला कागद तोच मागतील.

डायरीत लिहायला मागचे महिने जमवायचे असतील तर बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲप शेजारी घेऊन बसा. अडलं तर इथे खाली विचारा, हॉस्पिटलचं नाव न लिहिता.