राजीनाम्याआधी अर्धा तास

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, ही नोकरी सोडवतही नाही आणि इथे राहवतही नाही." ते दोन दिवस मनातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुला घेतलं ते डीलरकडून आलेल्या वॉरंटीच्या तक्रारी नोंदवून पुढे पाठवायला. तू मात्र तक्रार आली की थेट सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकला फोन लावू लागलीस. बिघडलेल्या भागाचे फोटो मागवलेस, कोणता भाग किती किलोमीटरनंतर जातो याची एक्सेल शीट केलीस. कुणी सांगितलं नव्हतं. आता दुसरीकडचं ऑफर लेटर हातात आहे आणि पाय निघत नाही तो त्या शीटमुळे.

याला जॉब क्राफ्टिंग म्हणतात. हे नाव रूढ केलं अमेरिकेतल्या एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोघींनी, २००१ साली. त्यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता. काहींच्या लेखी काम म्हणजे फरशी नि कचरा, एवढंच. काही जण मात्र रुग्णांशी, भेटायला आलेल्यांशी बोलत, वॉर्डाचं काम कसं चाललंय ते बघून आपली सफाई त्यात बसवत, आणि रुग्ण बरा होण्यात आपलाही हात आहे असं मानत. काम, माणसं आणि कामाचा अर्थ, तिन्ही त्यांनी आपल्या हाताने घडवलं होतं.

त्याच वर्षी टेरेन्स मिचेल, थॉमस ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजूने प्रश्न विचारला. माणसं नोकरी का सोडतात हे सगळेच विचारतात, पण टिकतात ती कशामुळे? त्यांना तीन धागे दिसले: तिथली नाती, आपलं तिथे जुळणं, आणि सोडलं तर हातचं काय जाईल. आता तुझ्याकडे बघ. ते मेकॅनिक तुला नावाने ओळखतात. बिघाडाच्या मुळाशी जायची तुझी खोड तिथे कामाला येते. आणि शीट कंपनीची आहे, ती बरोबर नेता येणार नाही (नेऊही नकोस). तिन्ही धागे तूच वळलेस. मग अडतंय कुठे? ते सांगायला मला माझं सांगावं लागेल.

मी भोसरीत इन्स्पेक्शनला होतो. समोर शाफ्टचे ट्रे यायचे. मायक्रोमीटर लावायचा, मापात असला तर पुढे, नसला तर लाल रंगाचा ठिपका मारून लाल पेटीत. दिवसभर तेच. एकदा व्यास वीस मायक्रॉन जास्त निघाला म्हणून मी तो शाफ्ट उचलला आणि लेथवरच्या ऑपरेटरकडे गेलो. त्याच्याच हातात मायक्रोमीटर दिला. त्याने दोनदा माप घेतलं, मशीन थांबवलं, कापणाऱ्या हत्याराच्या टिपेवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "घासलीय. सकाळीच बदलायला हवी होती." तोवर त्या माणसाशी माझं कधी बोलणंच झालं नव्हतं. त्याला कळायचं ते महिनाअखेरीला, रिजेक्शनच्या आकड्यातून.

त्या दिवसापासून शिफ्ट संपायच्या आधी वीस मिनिटं मी लाल पेटी घेऊन मशीनमागून मशीन फिरायला लागलो. त्या वीस मिनिटांसाठी मी त्या कारखान्यात नऊ वर्षं राहिलो. मधे जास्त पगाराच्या दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या, गेलो नाही.

मग साहेब बदलले. नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुम्ही जागेवर का नसता?" माझ्याकडे उत्तर होतं, कागद नव्हता. जुन्या साहेबांनी माझं फिरणं चालवून घेतलं होतं, पण ते माझं काम आहे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. फिरणं बंद झालं. आठ महिन्यांत मी राजीनामा दिला. पगार तोच, खुर्ची तीच होती. मला राहवत होतं ते काम मात्र उरलं नव्हतं. पोरी, घडवलेलं काम जितकं घट्ट बांधून ठेवतं, तितक्याच जोराने ते मोडल्यावर बाहेर फेकतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. मी फिरायचो तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सहकारी माझे ट्रे तपासायचा. बोलला कधी नाही. मीही विचारलं नाही. तू फोनवर असतेस तेव्हा तुझ्या वाटच्या नोंदी कोण करतं, ते आधी बघ. तुझ्या आवडीचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर जात असेल तर तीच माणसं उद्या तुझ्या बाजूने उभी राहणार नाहीत.

स्वतःलाही एक प्रश्न विचार: मी कामात शिरतेय की काम टाळतेय? नेदरलँड्समधल्या मारिया टिम्स, आर्नोल्ड बॅकर आणि दान्त्ये डर्क्स यांनी २०१२ साली जॉब क्राफ्टिंग मोजायची चार अंगांची प्रश्नावली केली. शिकायला मिळेल असं काही मिळवणं, माणसांचा आधार मिळवणं, नवी आव्हानं अंगावर घेणं, ही तीन अंगं. चौथं म्हणजे त्रासाचं ते टाळत जाणं. पहिल्या तिन्हींत माणूस कामात आत शिरतो. चौथ्यात तो हळूहळू अंग काढून घेतो. मी पाहिलेल्यांपैकी जे नुसतं टाळत गेले, ते राजीनाम्याच्या कितीतरी आधी मनाने गेलेले होते. गेल्या महिन्यात तू आढाव्याच्या मीटिंगा चुकवायला लागलीस असं म्हणालीस. मला धास्ती वाटली ती त्याची. शीटची नाही.

तेव्हा असं कर. नव्या कंपनीला उत्तर द्यायच्या आधी तुझ्या मॅनेजरकडे अर्धा तास माग. शीट उघडून एकच भाग दाखव, सगळी शीट नको. तिच्यामुळे कुठली तक्रार लवकर मिटली ते सांग. मग सरळ विचार, "हे माझ्या केआरएमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांत, येईल का? आणि यासाठी नोंदीतला किती वेळ मोकळा मिळेल?" त्याच दिवशी बोलण्याचा सारांश मेलवर पाठव. पगाराचं त्याच बैठकीत काढू नकोस, ते वेगळं बोल.

तो "बघू" म्हणाला तर तारीख माग. तारीख देत नसेल तर नवी नोकरी घे, आणि जाताना ती शीट कशी भरायची हे शेजारच्या टेबलावर बसून नीट शिकवून जा. मी लाल पेटी तशीच टेबलाखाली सारून निघालो होतो. त्या ऑपरेटरला सांगितलंही नाही.

बैठक झाली की फोन कर, रात्र झाली तरी चालेल.

तुझा,
काका