डिझेल इंजिनच्या इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) बुडाशी काळा थर साचतोय आणि फुसफुस आवाज येतोय. सील घरी बदलता येईल का?

येईल, पण आधी गळतंय काय ते बघा. डांबरासारखा कडक काळा थर आणि फुसफुस म्हणजे खालचं तांब्याचं वॉशर गेलंय, सिलिंडरमधला वायू बाहेर पडतोय. वरचा भाग डिझेलने ओला दिसत असेल तर रिटर्न पाइपची (उरलेलं डिझेल परत नेणारी नळी) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, तपासा, ते काम सोपं आहे. खात्री करायला इंजिन आयडलवर ठेवून बुडाशी थोडं डिझेल सोडा. बुडबुडे आले की वॉशरच.

खरी मेहनत इंजेक्टर बसायची जागा साफ करण्यात आहे. इंजेक्टर निघाला की टॉर्चने आत बघा, जुनं वॉशर बहुतेक वेळा तळाशी चिकटून राहतं. त्यावरच नवं बसवलं तर नोझल वर राहतं आणि गळती पुन्हा सुरू. खालचं भोक बंद करून सीट कटरला (ही जागा खरवडून साफ करणारं हत्यार) ग्रीस लावा, म्हणजे कार्बन त्यातच अडकतो. तांबूस-काळा डाग जाऊन धातू सगळीकडे सारखा चकचकीत दिसेपर्यंत थांबू नका. घाई इथेच नडते.

वॉशर नवंच घ्या, इंजेक्टर दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्टही. टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, मॅन्युअलप्रमाणे. प्रत्येक इंजेक्टर त्याच्याच सिलिंडरमध्ये परत जायला हवा, म्हणून काढतानाच नंबर टाका.

आणि कळकळीने सांगतो: कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी सामाईक नळी) दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनची गळती बोटाने चाचपू नका, धार कातडीत घुसते. तसं झालंच तर लगेच हॉस्पिटल गाठा, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी.