थोरल्याला दाणे सोसत नाहीत, मग धाकटीला द्यावेत का?

"मोठ्याच्या अंगावर चिक्की खाल्ल्यावर गांधी उठल्या होत्या. धाकटीला दाणे द्यायचेच नाहीत ना, ताई?" अमळनेरकडच्या एका आईचा हा प्रश्न. मुलगी सात महिन्यांची, तिला फक्त पेज आणि मुगाच्या वरणाचे पाणी. आईनेही दाणे सोडलेले. कुटाशिवाय भाजी न होणाऱ्या खान्देशातल्या घरात ती स्वतःपुरते वेगळे रांधत होती.

मी तिला आधी जेवायला सांगितले. अंगावर पाजणाऱ्या आईने दाणे सोडल्याने बाळाची अ‍ॅलर्जी टळत नाही, आईचीच आबाळ होते.

तिची भीती मात्र आधारहीन नव्हती. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेच जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे टाळायला सांगितले होते. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. मग २०१५ साली लंडनच्या अभ्यासाचे निकाल आले. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळे त्यात होती. दाणे टाळलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी दाण्याची अ‍ॅलर्जी होती. पहिल्या वर्षातच दाण्याचे पदार्थ सुरू करून नियमित खाणाऱ्यांत ती सुमारे ३ टक्केच.

इसबाने तडकलेल्या कातडीतून घरातल्या कुटाचे कण आत गेले, तर शरीर त्यांना शत्रू समजू शकते. तेच पोटातून गेले तर अन्न म्हणून ओळख पटते. म्हणून भावापेक्षा मला मुलीच्या गालांवरचे, कोपरांच्या खाचेतले लाल खरबरीत चट्टे जास्त महत्त्वाचे वाटले. असे चट्टे असतील तर दाण्याआधी बालरोगतज्ज्ञ, हे मी ठामपणे सांगते. त्यांनी त्वचेवर उपचार केले, तपासणी केली आणि पहिला घास दवाखान्यातच दिला.

आता भाजलेल्या दाण्यांचा अगदी बारीक कूट पेजेत पातळ कालवून आठवड्यातून दोन-तीनदा दिला जातो. सुरू करून मध्येच सोडायचे नाही. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. अंडेही पूर्ण शिजवून, वेगळ्या दिवशी, सकाळी. म्हणजे पुढचे दोन तास लक्ष ठेवता येते.

थोरल्याचे पथ्य कायम आहे. धाकटीला भरवले की वाटी-चमचा आणि हात साबणाने धुवायचे, तिचे उष्टे त्याला द्यायचे नाही. दोघांपैकी कोणाचेही ओठ सुजले, वारंवार उलट्या झाल्या किंवा श्वास घरघरला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ला फोन करायचा.