ब्रिटनमध्ये अर्धवट बांधलेली किट कार (कंपनीच्या सुट्या भागांतून घरी जोडायची गाडी) स्वस्तात मिळतेय. ती पूर्ण करून नोंदवता येईल का, क्यू नंबर (गाडीचं वय किंवा मूळ सिद्ध न झाल्यास मिळणारा, क्यूने सुरू होणारा नंबर) टाळता येईल का, आणि पुढे पुण्याला नेता येईल का?

नोंदणी होते. पण तुम्ही लिहिलंय की विकणारा म्हणतो, ‘गाडी सगळी आहे, कागद थोडे इकडेतिकडे झालेत.’ मी त्या वाक्यावरच अडलो. ‘आधी गाडी उभी करू, कागद मागून बघू’ असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही, आणि पटणारही नाही.

गाडी बघायला जाण्याआधी तीन गोष्टींचे फोटो मागवा: ज्या माझ्दा एमएक्स-५ मधून भाग काढले तिचं व्ही५सी (ब्रिटनमधलं नोंदणीपत्र), किट कंपनीने दिलेली चौकटीची (चॅसिसची) पावती, आणि बांधणी चालू असतानाची छायाचित्रं. वयानुसार नंबर हवा असेल तर किट कंपनीची नवी चौकट आणि जुन्या गाडीचे दोन मुख्य भाग लागतात. इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही ॲक्सल, पुढचं-मागचं सस्पेन्शन, स्टिअरिंग हे मुख्य भागांत मोडतात. भाग कुठून आले हे त्या व्ही५सीवरून ठरतं, आणि ते डीव्हीएलएला (ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला) द्यावं लागतं. ते नसेल तर क्यू धरूनच चला. क्यूवर गाडी बिनदिक्कत चालते, पण त्यावर हौसेचा नंबर चढवता येत नाही आणि विकताना घेणारा भाव पाडून मागतो. तो फरक आत्ताच, सौदा करताना वळता करून घ्या.

आता चाचणी, म्हणजे आयव्हीए, नोंदणीआधी एकेका गाडीची होणारी सरकारी तपासणी. एका गाडीचं सांगतो. एमएक्स-५ चंच इंजिन, दोन वर्षं खपून केलेली बांधणी, रंग तर बघत राहावा असा. पहिल्याच फेरीत तीन मुद्द्यांवर नापास झाली, आणि तिन्ही गोष्टी बांधताना जवळजवळ फुकट सुधारल्या असत्या.

पहिली, स्पीडोमीटर. मूळ गाडीचे टायर १८५/६० आर१४, म्हणजे व्यास साधारण ५७८ मिमी. चाकं भरदार दिसावीत म्हणून २०५/६० आर१५ बसवले, व्यास ६२७ मिमी. काटा ६० मैल दाखवायचा तेव्हा गाडी ६५ ने धावत असायची. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत असेल तर तिथे अजिबात सूट नाही. जास्त दाखवलेलं चालतं, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ६.२५ मैल इथपर्यंत. म्हणून जुळवता येणारा स्पीडोमीटर घ्या आणि तो चार-पाच टक्के जास्त दाखवेल असा लावा.

दुसरी गोष्ट खरी डोकेदुखीची. हळू चालताना स्टिअरिंगचं चाक पूर्ण वळवून सोडलं तर ते आपोआप सरळ होण्याच्या दिशेला फिरलं पाहिजे. हे चाक तिथेच राहिलं. पॉवर स्टिअरिंगचा पंप काढला होता, पण रॅकच्या (पुढची चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या) आतलं सील तसंच ठेवलं होतं, त्यामुळे रॅक जड. त्यात पुढचं वजन मूळ गाडीपेक्षा कमी, आणि कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) कुणी मोजलाच नव्हता. रॅक उघडून सील काढा, स्टिअरिंग कॉलमचे यू-जॉइंट (सांधे) कुठे अडकत नाहीत ना ते बघा, मग विशबोनच्या (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या) कॅम बोल्टवर कॅस्टर वाढवा. याच क्रमाने करा. रॅक जड असताना नुसता कॅस्टर वाढवत बसलात तर दिवस फुकट जातो.

तिसरी, बाहेरच्या कडा. १०० मिमी व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकतो तिथे किमान २.५ मिमी त्रिज्येची गोलाई लागते. प्लायवुडची १०० मिमीची चकती कापून घ्या आणि गाडीभर फिरवा. गोलाई ताडायला ५ मिमी ड्रिलची दांडी पुरते. विशबोनच्या नटांवर टोप्या बसवा, पत्र्याच्या कडेला रबर पट्टी चिकटवा, नुसती खोचू नका. चाचणी झाल्यावर या टोप्या काढून टाकणारे लोक आहेत. मला त्यांचा मनापासून राग येतो. रस्त्यावर पोराच्या मांडीत तो बोल्ट शिरू नये एवढ्यासाठीच तो नियम आहे.

ब्रेकमध्ये मागची चाकं पुढच्यांआधी लॉक होता कामा नयेत, नाहीतर गाडी गरकन फिरते. पुढे-मागे दाब जुळवणारी नॉब लावली असेल तर ती हलणार नाही अशी पक्की करून न्या.

चाचणीची वेळ आधी ठरलेली असेल आणि चौकटीच्या क्रमांकावर विमा असेल, तर नंबर नसतानाही गाडी चालवत नेता येते. पास झाल्यावर मिळालेलं प्रमाणपत्र, व्ही६२७/१ (बांधलेल्या गाडीची माहिती देणारा फॉर्म), व्ही५५/५ (नोंदणीचा अर्ज), पावत्या, फोटो, ओळखीचे पुरावे, ५५ पौंड नोंदणी शुल्क आणि रस्ता कर हे सगळं डीव्हीएलएला एकदम पाठवा. मूळ कागदांच्या प्रती घरी ठेवा. आधीच्या माणसाने केलेल्या कामाच्या पावत्याही लागतात, कारण गाडी हौसेने बांधली आहे, धंद्यासाठी नाही, हे दाखवावं लागतं.

पुण्याचं स्पष्ट सांगतो: नेऊ नका. आपल्याकडे नोंदणीला उत्पादकाचे फॉर्म २१ आणि २२ (विक्रीचा आणि गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) लागतात, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुना गाडी एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेकडून मंजूर व्हावी लागते. एकट्या माणसाच्या एका गाडीसाठी ब्रिटनसारखी सोय नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराने घरी जीप बांधली, तेव्हा २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्याला बोलेरो मिळाली. कौतुक देशभर झालं, पण घरी बांधलेली गाडी नोंदवण्याची वाट त्यामुळे उघडली नाही.

एक राहिलंच. चाचणीचं हे सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरतं. उत्तर आयर्लंडात असाल तर चाचणी डीव्हीए ही तिथली वाहन संस्था घेते, चाचणीचा अर्ज तिकडे करावा लागतो. आणि विकणाऱ्याने व्ही५सीचा फोटो पाठवायला टाळाटाळ केली, तर क्यू नंबरचाच भाव सांगा, त्यावर एक पौंडही नको.