एकच उतार, दोन ऋतू
वैशाख आणि आषाढ जलरंगांत रंगवताना जागा बदलू नका. सह्याद्रीचा एकच उतार दोन्ही चित्रांत ठेवलात, तर पाहणाऱ्याला फरक ऋतूचा आणि पर्यायाने मनाचा जाणवेल. वैशाखातली रुक्षता नुसत्या पिवळ्या रंगाने येत नाही. ती आखूड, धारदार कडांच्या सावल्यांनी आणि कोरड्या कुंचल्याच्या खरबरीत फटकाऱ्यांनी येते. आषाढासाठी मात्र ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कागद आधी ओला करून, अल्ट्रामरीन निळ्यात थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) मिसळून केलेला करडा रंग वरच्या कडेने सोडावा आणि कागद तिरका धरून तो डोंगरमाथ्यावर आपोआप उतरू द्यावा. निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसले की ढगाला वजन येते. तयार काळा रंग शक्यतो टाळा, कारण त्याने ढग मळकट दिसतात (मी कितीतरी कागद वाया घालवून हे शिकलो). नळीतला हिरवाही थेट लावू नका. त्यात किंचित तांबडा मिसळल्यास तो शांत होतो.